पेनसिल्व्हेनियाला महागाई, जालन्याला जात

६ नोव्हेंबर २०२४ ला सकाळी आमच्या ऑफिसात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. अमेरिकेची मतमोजणी सुरू होती आणि जो तो दुसऱ्या स्क्रीनवर पेनसिल्व्हेनियाचा नकाशा उघडून बसला होता. काउंटीवर कर्सर नेला की आकडे दिसतात, तो नकाशा. चर्चा ईरी काउंटीची चालली होती. २०१२ ला ओबामा, २०१६ ला ट्रम्प, २०२० ला बायडन आणि आता पुन्हा ट्रम्प, अशी दर वेळी बाजू बदलणारी ही काउंटी. तिथे रेल्वे इंजिनांचा जुना कारखाना आहे, कारखान्यांतल्या नोकऱ्या कमी झाल्या, अंडी महागली, घरभाडं वाढलं, म्हणून तिथला माणूस चिडलेला आहे. हे सगळं माझ्या टीममधल्या, पुण्याबाहेर फारसं न पडलेल्या माणसाला तोंडपाठ होतं.

चौदा दिवसांनी महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. भोकरदनचा मतदार लोकसभेला कुठल्या मतदारसंघात मत देतो आणि परतूरचा कुठल्या, हे त्या टीममध्ये कुणालाच सांगता आलं नसतं. सांगता यावं अशी अपेक्षाही नाही. पण मी जालना जिल्ह्यातला आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मला विचारलं गेलं ते एवढंच: ‘काय रे, या वेळीपण तुमच्याकडे जरांगे फॅक्टर का?’

या प्रश्नाचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. विचारणारा माणूस वाईट नाही. त्याने हा प्रश्न स्वतः तयारही केलेला नाही, टीव्हीवरून, यूट्यूबवरच्या विश्लेषणांतून तो त्याच्यापर्यंत तयार होऊन आला आहे. पण त्याच्यामागची वाटणी बघा. ईरीच्या माणसाने मत बदललं तर त्याला कारण असतं: किराणा, पगार, कारखाना. भोकरदनच्या माणसाने मत बदललं तर त्याला कारण लागत नाही, जात पुरते. तिकडचा मतदार विचार करून मत देतो आणि इकडचा मतदार कुणाचा तरी असतो. अमुकची मतं तमुककडे ‘वळली’, अमुकने तमुकची मतं ‘खाल्ली’. पाण्याचा पाट फिरवावा तशी मतं फिरतात आणि भाकर खावी तशी खाल्ली जातात, फक्त ती देणारा माणूस या भाषेत कुठेच नसतो.

तर आधी काय घडलं ते नीट सांगतो.

२०२४ च्या लोकसभेला जालन्यातून काँग्रेसचे कल्याण काळे जवळपास १ लाख १० हजार मतांनी निवडून आले. त्यांनी हरवलं ते रावसाहेब दानवेंना, जे १९९९ पासून सलग पाच वेळा इथून खासदार होते आणि त्या वेळी केंद्रात रेल्वे राज्यमंत्री होते. १९९६ पासून या जागेवर भाजपशिवाय कुणी जिंकलेलं नव्हतं. याच काळेंना दानवेंनी २००९ ला साडेआठ हजारांच्या आत हरवलं होतं. २०१४ ला दानवेंचं मताधिक्य दोन लाखांच्या वर गेलं, २०१९ ला ३ लाख ३२ हजारांवर. म्हणजे पाच वर्षांत सव्वातीन लाखांच्या आघाडीवरून एक लाखाच्या पिछाडीवर. २०१९ ला दानवेंना ६ लाख ९८ हजार मतं होती, २०२४ ला ४ लाख ९८ हजार. दोन लाख माणसं कमी झाली. पेनसिल्व्हेनियात २०२४ ला ट्रम्प जिंकले ते १ लाख २० हजारांच्या आसपास मतांनी, आणि तिथे एकूण मतदान ७० लाखांच्या घरात होतं. जालन्यात एकूण मतदान साडेतेरा लाखांच्या आसपास. उलथापालथ कुठे मोठी झाली ते तुम्हीच बघा.

या उलथापालथीचं उत्तर ४ जूनला दुपारीच तयार होतं आणि ते दोन शब्दांचं होतं. आंदोलन जालना जिल्ह्यात झालं, जालन्याचा निकाल फिरला, विषय संपला.

आता या उत्तरात पहिली अडचण भूगोलाची आहे. जालना जिल्हा आणि जालना लोकसभा मतदारसंघ ही एकच गोष्ट नाही. लोकसभेला जालन्यात जालना, बदनापूर, भोकरदन हे आमच्या जिल्ह्यातले तीन आणि सिल्लोड, फुलंब्री, पैठण हे शेजारच्या जिल्ह्यातले तीन विधानसभा मतदारसंघ येतात. आमचे परतूर आणि घनसावंगी जातात परभणीला. आणि १ सप्टेंबर २०२३ ला जिथे लाठीमार झाला, जे गाव एका रात्रीत देशाला माहीत झालं, ते अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी घनसावंगी विधानसभेत येतं. म्हणजे परभणीत. अंतरवालीच्या लोकांनी २६ एप्रिलला परभणीच्या उमेदवारांतून निवड केली. जालन्याचं मतदान झालं १३ मेला, आणि त्या यंत्रांवर अंतरवालीचं एकही मत नव्हतं. आंदोलनाची झळ तालुक्याची हद्द बघून थांबत नाही, हे मलाही कळतं. पण जे विश्लेषक आंदोलन आणि निकाल ‘एकाच ठिकाणी’ घडले म्हणून एकाला दुसऱ्याचं कारण ठरवत होते, त्यांनी नकाशा तरी उघडायला हवा होता. पेनसिल्व्हेनियाचा उघडतात की.

दुसरी अडचण शेजारची. छत्रपती संभाजीनगर लोकसभेचं मतदान त्याच दिवशी, १३ मेला झालं. आंदोलनाचं वारं तिथेही तेवढंच होतं. तिथे जिंकले शिंदे गटाचे संदीपान भुमरे, म्हणजे सत्ताधारी बाजू, आणि १ लाख ३४ हजारांहून अधिक मतांनी. गंमत म्हणजे भुमरे आमदार होते पैठणचे, आणि पैठणचे मतदार लोकसभेला जालन्यात येतात. तिथली लढत तिरंगी होती, समोर इम्तियाज जलील आणि चंद्रकांत खैरे होते, गणित वेगळं होतं, हे मान्य. पण ‘गणित वेगळं होतं’ हे वाक्य संभाजीनगरसाठी चालत असेल तर जालन्यासाठी का चालत नाही?

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दानवे मराठा, काळे मराठा. आणि तिसरे मंगेश साबळे, अपक्ष, तेही मराठा. फुलंब्री तालुक्यातल्या गेवराई पायगाचे तरुण सरपंच. आंदोलनाच्या काळात यांनी स्वतःची गाडी पेटवून निषेध केला होता, त्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. ज्याला केवळ आरक्षणाच्या रागावर मत द्यायचं होतं त्याच्यासाठी हा माणूस मतपत्रिकेवर होता, आणि त्याला १ लाख ५५ हजारांहून जास्त मतं पडली. काळेंच्या मताधिक्यापेक्षा जास्त. म्हणजे ज्या रागाने काळेंना निवडून आणलं असं सांगितलं जातं, त्या रागाचा एवढा मोठा वाटा दुसऱ्याच माणसाकडे गेला, आणि तरीही काळे लाखाने पुढे राहिले. मग उरलेलं कुठून आलं?

साबळेंबद्दल अजून एक. ते महाराष्ट्राला पहिल्यांदा माहीत झाले ते आरक्षणावरून नव्हेच. मार्च २०२३ मध्ये फुलंब्री पंचायत समितीसमोर त्यांनी दोन लाखांच्या नोटा उधळल्या होत्या. कशासाठी? शेतकऱ्यांच्या विहिरी मंजूर करायला पैसे मागितले जातात म्हणून. अनुदानाच्या विहिरीसाठी पंचायत समितीत किती चकरा माराव्या लागतात हे आमच्याकडच्या कुठल्याही घरात विचारा, तारखांसकट सांगतील. त्या दीड लाखांत विहिरीची मतं किती होती? हा प्रश्न कुठल्या पॅनलवर आला? साबळेंचा उल्लेख झाला तो ‘दानवेंना नडले की काळेंना’ एवढ्यापुरता.

उरलेलं कुठून आलं त्याची काही उत्तरं तर समोर पडलेली होती. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्याकडे ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात जालना जिल्ह्यातल्या आठपैकी पाच तालुके होते: भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड, मंठा. २०२१ मध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा भाव बघितला होता, २०२२ च्या सुरुवातीला कापसानेही. २०२४ उजाडेपर्यंत सोयाबीन हमीभावाच्या, म्हणजे ४,६०० च्या आसपास आणि खालीच घुटमळत होतं. आमच्या घरात कपाशी वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली, भाव येईल म्हणून. वजन घटत गेलं, अंगाला खाज सुटायला लागली, शेवटी अण्णांनी आहे त्या भावाला घातली. खत, फवारणी, वेचणीची मजुरी यातलं काहीच तीन वर्षांत कमी झालेलं नव्हतं. ज्याच्या हातात पैसा निम्मा आला त्याने सत्तेतल्या माणसाला मत नाकारलं, याला अमेरिकेत ‘इकॉनॉमी’ म्हणतात आणि त्यावर महिनाभर कार्यक्रम करतात.

आणि त्याच सुमारास, ३० डिसेंबर २०२३ ला, जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली. दानवे रेल्वे राज्यमंत्री होते, गाडी त्यांनी आणली, श्रेय त्यांचंच. गाडी चांगली आहे, मी बसलोय. पण ती तेव्हा ज्या शहरातून सुटायची तिथे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. स्टीलचं शहर, बियाण्यांचं शहर, निम्म्या महाराष्ट्राच्या घरांत जालन्याची सळई असेल, आणि इथली बाई पाण्याचा वार लक्षात ठेवून पाहुण्यांना बोलावते. पंचवीस वर्षं एकच माणूस खासदार असला की या सगळ्याचा हिशोब त्याच्याच नावावर चढतो, त्यात त्याचा दोष असो वा नसो.

मे २०१७ मध्ये तुरीच्या खरेदीवरून शेतकऱ्यांबद्दल दानवेंच्या तोंडून जी शिवी गेली तिचीही आठवण काहींनी काढली. माझ्याही गावात ती कुणी विसरलेलं नाही. पण तिच्यावरही मी सगळं ढकलणार नाही, कारण त्यानंतर दोनच वर्षांनी याच लोकांनी त्यांना सव्वातीन लाखांनी निवडून दिलं होतं. एका कारणाचा हट्ट धरला की असं तोंडावर पडायला होतं, मग ते कारण कितीही आवडीचं असो.

अजून एक आकडा. वंचित बहुजन आघाडीला जालन्यात २०१९ ला ७७ हजार मतं होती, २०२४ ला ३८ हजारांच्या आत. जवळपास ४० हजार मतं. संविधान बदलणार की नाही यावर त्या एप्रिल-मेमध्ये दलित वस्त्यांत, मुस्लीम मोहल्ल्यांत काय बोललं जात होतं हे ज्यांनी ऐकलं त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. या लोकांनी आपलं मत वाया जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. तो त्यांचा निर्णय होता. ‘जरांगे फॅक्टर’ म्हटलं की हा निर्णयही गायब होतो, कारण त्या शब्दात त्यांना जागाच नाही.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे जात नव्हतीच म्हणायचंय का? छे. गावात राहणाऱ्या कुणाला हे म्हणता येईल? लाठीमाराचे व्हिडिओ ज्या घरांनी बघितले त्या घरांत राग होता, आणि खरा होता. दुसऱ्या बाजूला ओबीसी घरांत भीती होती, तीही खरी. जूनमध्ये अंतरवालीपासून जवळच वडीगोद्रीला उपोषण बसलं ते त्या भीतीतून. आमच्याकडे त्या वर्षात काही ठिकाणी एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद झालं, एकमेकांच्या दुकानातून सामान घेणं बंद झालं. हे सगळं मी नाकारत नाही. मी म्हणतो, या रागाच्या आत जाऊन बघा. माझ्या बॅचचा एक मुलगा, तीन एकर कोरडवाहू, इंजिनिअरिंगची फी भरताना बापाने एक एकर विकलं. शेजारच्या बाकावरच्या मुलाला फीची सवलत, याला नाही. तो आरक्षणासाठी मुंबईपर्यंत चालत गेला. त्याच्या मागणीशी तुम्ही सहमत असा किंवा नसा, पण ती मागणी त्या विकलेल्या एकरातून आलेली आहे. शेती बरी चालली असती तर तो चालत गेला असता का, हे त्याला विचारा. जात हे त्याच्या मताचं कारण आहे असं लिहून तुम्ही थांबता तेव्हा तुम्ही मधला एकर खाऊन टाकता.

नोव्हेंबरमध्ये तर या दोन शब्दांची पार वाट लागली. सहा महिन्यांपूर्वी काँग्रेसला लाखाची आघाडी देणाऱ्या त्याच सहा विधानसभा मतदारसंघांनी, सहाच्या सहा, महायुतीचे आमदार निवडून दिले. भोकरदनमधून तर रावसाहेबांचेच चिरंजीव संतोष दानवे. जिल्ह्यातल्या पाचही जागा महायुतीच्या. घनसावंगीत, म्हणजे अंतरवाली जिथे आहे तिथेच, राजेश टोपे हिकमत उढाण यांच्याकडून अडीच हजारांच्या आत पडले. हे टोपे कोविडच्या काळातले आरोग्यमंत्री, सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. सिल्लोडला अब्दुल सत्तार तेवढ्याच निसटत्या फरकाने वाचले. म्हणजे लाटबिट म्हणावं तर काही ठिकाणी अडीच-अडीच हजारांचा खेळ.

यापेक्षाही भारी उदाहरण नांदेडचं. वसंतराव चव्हाणांच्या निधनामुळे तिथे लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच, २० नोव्हेंबरला झाली. एकच दिवस, एकच बूथ, एकाच माणसाने दोन बटणं दाबली. त्या मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीने जिंकल्या आणि लोकसभा काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांनी, १,४५७ मतांनी. माणसाची जात दोन बटणांच्या मधल्या काही सेकंदांत बदलत नाही. काही हजार माणसं बूथमध्ये उभी राहून ठरवत होती की मुंबईला कोण पाठवायचा आणि दिल्लीला कोण. ईरी काउंटीतल्या माणसाने असं केलं असतं तर त्याच्यावर पुस्तक आलं असतं.

पण आपल्याकडे काय झालं? जुने दोन शब्द गेले आणि नवे दोन आले: लाडकी बहीण. आणि ज्या लोकांनी जूनमध्ये मराठवाड्याचा मतदार किती जागरूक म्हणून पोस्टी टाकल्या होत्या, त्यांनीच नोव्हेंबरमध्ये लिहिलं की बायका दीड हजारांत विकल्या गेल्या. दुसऱ्या काहींनी ईव्हीएमवर टाकून हात झटकले. तिकडे जूनमध्ये मराठवाड्याला जातीयवादी म्हणणारे नोव्हेंबरमध्ये मराठवाडा शहाणा झाला म्हणाले. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत होतं: मतदार आपल्या बाजूला आला की सुज्ञ, गेला की एक तर जातीने आंधळा किंवा पैशाने विकलेला.

दीड हजारांवर हसणाऱ्या माझ्या मित्रांना मला एवढंच विचारायचंय, वेचणीला जाणाऱ्या बाईची मजुरी तुम्हाला माहीत आहे का? जुलै ते नोव्हेंबर पाच हप्ते, साडेसात हजार रुपये, तिच्या नावच्या खात्यात, नवऱ्याला न विचारता काढता येणारे. माझ्या आईने त्यातून दातांचं काम केलं, जे ती चार वर्षं पुढे ढकलत होती. तिने कुणाला मत दिलं ते तिने मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण जिला दिलेला शब्द सरकारने पहिल्यांदाच वेळेवर पाळला तिने त्याची नोंद घेतली असेल तर त्यात लाज कसली? अमेरिकेत कोविडच्या काळात सरकारने लोकांना चेक पाठवले आणि त्यावर ट्रम्पनी आपलं नाव छापून घेतलं. त्या लोकांना आपण विकलेले म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी डेटाचं काम करतो, म्हणून एक धंद्यातली गोष्ट सांगतो. टीव्हीवर ‘मराठ्यांची इतके टक्के, ओबीसींची इतके टक्के मतं’ असे आकडे दिसतात तेव्हा ते कुठून येतात ते बघा. मतदान यंत्रात जातीचं बटण नसतं. सगळ्या जातींची मोजणी होऊन आकडे छापले गेले ते शेवटचे १९३१ ला, आणि तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. नमुना सर्व्हे होतात, पण एका मतदारसंघाबद्दल ठामपणे बोलता येईल एवढी माणसं त्यात क्वचितच असतात. जी खरी माहिती आहे, बूथवार मतांची, ती निवडणूक आयोगाच्या फॉर्म २० मध्ये असते. ती बहुतेक वेळा स्कॅन केलेल्या, वाकड्या, सर्चसुद्धा न होणाऱ्या पीडीएफमध्ये मिळते. ती उघडून, आकडे टाइप करून, शेजारी पाऊस, पीक, बाजारभाव लावून बघायला वेळ लागतो. जात सांगायला काही लागत नाही. पेनसिल्व्हेनियाचा डेटा स्वच्छ फाइलमध्ये मिळतो म्हणून आपल्यातल्या कित्येकांनी त्यावर हौसेने प्रोजेक्ट केलेत, गिटहबवर टाकलेत, नोकरीच्या इंटरव्ह्यूत दाखवलेत. स्वतःच्या तालुक्याचा फॉर्म २० किती जणांनी उघडला?

आणि हे नुसतं अभ्यासकांचं भांडण नाही. जूनच्या निकालातून सगळ्याच पक्षांनी जो धडा घेतला तो उमेदवारीत दिसला, भाषणांत दिसला: कुठली जात कुणाबरोबर बांधायची. कारण जात आहे म्हटल्यावर उपायही जातीचाच निघणार. विहिरीच्या फाइलीला पैसे मागणारा तिथेच राहतो. सोयाबीनचा प्रश्न नोव्हेंबरमध्ये प्रचारात आला खरा, दोन्ही बाजूंनी वाढीव भावाची आश्वासनं दिली, आणि निकालानंतर पुन्हा सगळे कोणत्या समाजाला किती मंत्रिपदं यावर आले.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. नव्या हंगामाचा हमीभाव होता ४,८९२ रुपये. ऑफिसात लोक मला विचारत होते की जालन्यात असं कसं काय फिरलं. मी घरी फोन लावला. अण्णा मोंढ्यात होते, आडतीवर, मागे गलका चालला होता. ‘आरं निकालाचं ऱ्हाऊ दे,’ ते म्हणाले, ‘ओलावा जास्त म्हणून खरेदी केंद्रावरून माल परत केलाय. इथं चार हजाराच्या वर कुणी बोलंना. घालू का ठेवू, ते सांग.’